विश्लेषण : मातीचा किल्ला, पानांचे ठसे, हळदीची चित्रे... घराबाहेर बसून हाताने काही घडवल्याने काय साधते?

दिवाळीच्या सुटीत सोसायटीच्या कोपऱ्यात मातीचा किल्ला उभा राहतो, तेव्हा मुले नकळत दोन गोष्टी एकाच वेळी करत असतात. ती घराबाहेर असतात आणि हाताने काहीतरी घडवत असतात. या दोन्ही गोष्टींचा मनावर, शरीरावर आणि स्मरणशक्तीवर काय परिणाम होतो, याचा गेल्या दशकभरात बराच अभ्यास झाला आहे. शालेय धोरणातही त्यांना जागा मिळाली आहे. दुसरीकडे बाजारात तयार किल्ले आणि ‘क्राफ्ट किट’ सहज मिळू लागली आहेत. अशा वेळी कला आणि निसर्ग यांची सांगड का घालायची, कशी घालायची आणि ती घालताना काय टाळायचे, याचा हा आढावा.

किल्ला बांधताना मूल काय शिकते?

दगड-विटांचा सांगाडा, त्यावर गोणपाट, वरून चिखलाचा लेप, मग बुरूज, पायऱ्या, भुयार, विहीर आणि सर्वात वर सिंहासन. ही कृती महाराष्ट्रातल्या अनेक घरांत पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. त्यात शिकवणी नसते, पण शिकणे भरपूर असते. चिखलात पाणी जास्त झाले की भिंत घसरते, कमी झाले की तडे जातात. हळीव किंवा मोहरी पेरल्यावर सपाट जागी रोपे दाट येतात आणि उभ्या कड्यावरचे बी पहिल्याच शिंपणीत खाली वाहून येते. डोंगरउतारावरची माती पावसात का वाहते आणि गवत ती कशी धरून ठेवते, हे मुलाला पुस्तकाआधी इथे दिसते.

इतिहासाचेही तसेच. ११ जुलै २०२५ रोजी ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने १२ किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांतील ११ किल्ले महाराष्ट्रातील आहेत आणि एक तमिळनाडूतील जिंजीचा. डोंगर, समुद्र, जंगल अशा भूरचनेचा संरक्षणासाठी केलेला वापर हा या नोंदीचा गाभा आहे. दरवाजा वळणावर का ठेवायचा, पाण्याचे टाके कुठे खोदायचे, हे प्रश्न मातीत हात घातल्यावर मुलांना आपोआप पडतात. तयार किल्ला विकत आणून ठेवला की मावळे तेवढेच राहतात, प्रश्न मात्र पडत नाहीत.

नुसते बागेत फिरणे पुरेसे नाही का?

फिरण्याचे फायदे आहेतच. पण निसर्गात असणे आणि निसर्गाकडे पाहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रिटनमधील डर्बी विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी २०१७ मध्ये, माणसाचे निसर्गाशी नाते कशाने जुळते, याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या मते पाच वाटा महत्त्वाच्या ठरतात : इंद्रियांनी होणारा स्पर्श-संपर्क, सौंदर्य, भावना, अर्थ आणि करुणा. झाडा-पक्ष्यांची नावे व माहिती गोळा केल्याने हे नाते जुळतेच, असे दिसले नाही. माती मळणे, पानाचा ठसा घेणे, झाडाचे चित्र काढणे यांत या पाचपैकी निदान दोन-तीन वाटा एकदम खुल्या होतात.

दुसरा मुद्दा लक्षात राहण्याचा. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी २०१४ मध्ये संग्रहालयात एक प्रयोग केला. काही वस्तूंचे फोटो काढायचे आणि काही नुसत्या पाहायच्या, असे सहभागींना सांगण्यात आले. ज्या वस्तूंचे फोटो काढले होते, त्या कमी आठवल्या. लक्षात ठेवण्याचे काम कॅमेऱ्यावर सोपवल्यासारखे झाले. त्याउलट कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या २०१६ मधील प्रयोगांत, लोकांनी ज्या शब्दांची चित्रे काढली ते शब्द, नुसत्या लिहून काढलेल्या शब्दांपेक्षा जास्त लक्षात राहिले. कारण समजायला सोपे आहे. मोबाइलने आंब्याच्या मोहोराचा फोटो एका सेकंदात निघतो. तोच मोहोर पेन्सिलीने काढायचा तर दांडी कुठे फुटते, फुले किती बारीक आहेत, पाने कोणत्या बाजूला झुकली आहेत, हे दहा मिनिटे पाहावे लागते. हात सावकाश चालतो, म्हणून डोळाही थांबतो.

शरीरावर आणि मनावर काय परिणाम होतो?

इंग्लंडमधील सुमारे २० हजार लोकांच्या माहितीवर आधारित अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यात एकूण किमान १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली प्रकृती आणि मनःस्थिती चांगली असल्याचे सांगण्याचे प्रमाण जास्त होते. हा वेळ एकाच दिवशी घालवला की थोडा थोडा, याने फरक पडला नाही. अर्थात हा परस्परसंबंध आहे. प्रकृती चांगली असलेले लोकच जास्त बाहेर पडत असतील, ही शक्यताही त्यात उरते.

कलेबाबत अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाचा २०१६ चा अभ्यास नेहमी सांगितला जातो. ३९ प्रौढांना ४५ मिनिटे माती, रंगीत पेन आणि कोलाजचे साहित्य देऊन हवे ते करू दिले. सुमारे ७५ टक्के जणांच्या लाळेतील कॉर्टिसोल या तणावाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण कमी झाले. अभ्यास लहान होता आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे तो दिशादर्शक मानणेच योग्य.

सर्वात ठोस पुरावा मुलांच्या डोळ्यांचा आहे. चीनमधील ग्वांगझू शहरातील १२ प्राथमिक शाळांत तीन वर्षे प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा एक जादा तास घराबाहेर दिला गेला. तीन वर्षांत या मुलांपैकी ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी, म्हणजे लांबचे अंधुक दिसण्याचा दोष, जडला. इतर शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांपेक्षा कित्येक पटींनी प्रखर असतो आणि त्याचा डोळ्यांच्या वाढीवर चांगला परिणाम होत असावा, असे तज्ज्ञ मानतात. म्हणजेच घरात टेबलाशी बसून होणारे चित्रकाम गॅलरीत, गच्चीत किंवा झाडाखाली हलवणे, एवढा बदलही फुकट जात नाही.

ही कल्पना परदेशातून आली आहे का?

‘फॉरेस्ट स्कूल’ हा शब्द अलीकडे बराच ऐकू येतो. इंग्लंडमधील ब्रिजवॉटर महाविद्यालयाच्या चमूने १९९३ मध्ये डेन्मार्कमधील बालवाड्या पाहिल्या. तिथली मुले दिवसाचा मोठा भाग घराबाहेर घालवत, काटक्या-मातीत खेळत. त्यातून इंग्लंडमध्ये ही चळवळ रुजली. भारतात मात्र याच्या कितीतरी आधी असे प्रयोग झाले होते. रवींद्रनाथ टागोरांनी १९०१ मध्ये शांतिनिकेतनात शाळा सुरू केली आणि वर्ग झाडाखाली भरवले. १९१९ मध्ये तिथे कलाभवन सुरू झाले. नंदलाल बोस यांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थी आजूबाजूची झाडे, जनावरे, माणसे पाहून चित्रे काढत. मराठी चित्रकार विनायक मासोजी तिथेच शिकले आणि पुढे तिथेच शिकवू लागले. १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवणारी कल्पना मांडली. झाकीर हुसेन समितीने तिचा आराखडा केला. हीच ‘नई तालीम’.

शाळेबाहेर तर ही सांगड सणांनीच घालून दिली होती. पोळ्याला मातीचे बैल, गणपतीला शाडूची मूर्ती आणि पत्री, भोंडल्याला पाटावर हत्ती, दिवाळीला किल्ला. वर्षातला प्रत्येक टप्पा हाताला काहीतरी काम देत होता आणि त्यासाठी लागणारे सामान अंगणात, शेतात, ओढ्याकाठी शोधावे लागे. डहाणू-पालघर पट्ट्यातील वारली चित्रकलेत आजही हे दिसते. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि चावून मऊ केलेली बांबूची काडी एवढ्यावर ती उभी राहिली. जिव्या सोमा म्हसे यांनी ती भिंतीवरून कागदावर आणि जगभर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली.

शाळांमध्ये काय बदलते आहे?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी १० ‘दप्तराविना दिवसां’ची तरतूद आहे. या काळात विद्यार्थ्यांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक जाणकारांसोबत काम करावे, असे धोरण सांगते. जुलै २०२४ मध्ये यासंबंधी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध झाल्या. त्यांत विज्ञान-पर्यावरण आणि कला-संस्कृती-इतिहास असे विषयगट सुचवलेले आहेत.

कागदावर हे आश्वासक आहे. प्रत्यक्षात या दिवसांचे काय होते, हे शाळेवर अवलंबून आहे. बसने एखाद्या रिसॉर्टवर जाऊन येणे आणि गावातल्या कुंभाराच्या चाकाजवळ बसून माती कुठून येते, ती चाळतात कशी, उन्हात वाळवताना का तडकते हे विचारणे, या दोन्हीला ‘दप्तराविना दिवस’च म्हणता येते. दुसऱ्यासाठी खर्च कमी लागतो, तयारी मात्र जास्त लागते. शिक्षकाने आधी जाऊन बोलणे, मुलांचे छोटे गट करणे आणि परतल्यावर त्यांनी टिपलेल्या गोष्टींवर वर्गात चर्चा घेणे, एवढे झाले तर तो दिवस सहल न राहता शिक्षण होतो.

घरच्या साहित्यात काय करता येईल?

ऊन आणि हळद यांतून होणारे चित्र हा सर्वात सोपा आणि चकित करणारा प्रयोग आहे. हळदीचा डाग पडलेला कपडा साबण लागताच लालसर होतो आणि कडक उन्हात वाळला की फिका पडतो, हा अनुभव घरोघरी आहे. तोच इथे उपयोगी पडतो. चमचाभर हळद औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या स्पिरिटमध्ये कालवून गाळायची. हे काम मोठ्यांनी, गॅस-निरांजनापासून दूर करावे. तो पिवळा अर्क जाड कागदावर ब्रशने लावून कागद अंधारात वाळवायचा. वर एखादे नक्षीदार पान ठेवून त्यावर काच ठेवायची आणि कागद दोन-तीन तास भर उन्हात ठेवायचा. पानाभोवतीचा पिवळा रंग उडतो, पानाखालचा राहतो. मग खायच्या सोड्याचे पाणी हलकेच फिरवले की उरलेली हळद लालसर-तपकिरी होते आणि पान उमटते. हळदीतील कर्क्युमिन प्रकाशाने नष्ट होते आणि अल्कलीने लाल होते, एवढेच यामागचे शास्त्र. वनस्पतींच्या रसावर उन्हाने चित्र उमटवण्याचे प्रयोग इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ च्या सुमारास केले होते. त्यांनीच शोधलेल्या निळ्या छपाईच्या तंत्राने अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी १८४३ पासून समुद्रशेवाळाच्या ठशांचे पुस्तक तयार केले. छायाचित्रांनी सजलेले ते जगातले पहिले पुस्तक मानले जाते.

दुसरा खेळ सालींचा. पातळ कागद खोडावर धरून मेणाचा खडू आडवा घासला की सालीची नक्षी उमटते. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते, पेरूची गुळगुळीत. एका गल्लीत पाच झाडांचे पाच वेगळे ठसे मिळतात आणि मुले पुढे झाडे खोडावरून ओळखू लागतात. तिसरा जुनाच, पिंपळपानाच्या जाळीचा. पान पाण्यात भिजत ठेवून दोन ते चार आठवड्यांनी मऊ ब्रशने गर काढला की शिरांची जाळी उरते. भांड्यावर झाकण मात्र हवे, नाहीतर त्यात डास होतात.

चित्रकला येत नसेल तर?

ड्रेक्सेलच्या अभ्यासात कलेचा पूर्वानुभव असलेल्या आणि नसलेल्या लोकांच्या निकालात लक्षणीय फरक आढळला नव्हता. अमेरिकेतील निसर्गअभ्यासक जॉन म्यूर लॉज निसर्गनोंदवहीसाठी तीन वाक्ये सुचवतात : मला काय दिसते आहे, मला काय प्रश्न पडतो आहे आणि हे पाहून मला कशाची आठवण होते आहे. वहीचे पान या तीन उत्तरांनी भरायचे. सोबत वेडीवाकडी रेघ असली तरी चालते. आजी-आजोबांना नातवंडांसोबत हा खेळ चांगला जमतो. तिसऱ्या वाक्याची त्यांची उत्तरे लांब असतात आणि मुलांना तीच ऐकायची असतात.

ज्यांना सोबत हवी, त्यांच्यासाठी ‘अर्बन स्केचर्स’ ही जगभर पसरलेली चळवळ आहे. सिअ‍ॅटलमधील पत्रकार गॅब्रिएल कँपनारिओ यांनी ती २००७ मध्ये सुरू केली. फोटोवरून चित्र काढायचे नाही, जागेवर बसूनच काढायचे, हा तिचा मुख्य नियम. मुंबई-पुण्यातही तिचे गट आहेत.

निसर्गातून काय उचलायचे, काय नाही?

इथे उत्साहाला लगाम हवा. भारतीय वन कायदा, १९२७ नुसार जंगलातील झाडे, पाने, फुले, फळेच काय, माती आणि दगडही ‘वनोपज’ ठरतात. अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्याने यांतून परवानगीशिवाय काहीही आणणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. त्यामुळे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात किंवा कासच्या पठारावर वही-पेन्सिल न्यावी, पिशवी नेऊ नये. समुद्रकिनाऱ्यावर रिकामे शंखही निरुपयोगी नसतात. शंखवासी खेकडे त्यांत घर करतात. काही शंख-शिंपल्यांच्या प्रजातींना कायद्याचे संरक्षण आहे.

रस्त्याकडेची झाडे, सोसायटीची बाग, परसदार येथे साधा नियम पुरेसा आहे : जे गळून पडले आहे तेच घ्यायचे, तेही ओंजळभर. दसऱ्याला आपट्याच्या फांद्या ओरबाडल्यावर झाडाची जी दशा होते, ती हस्तकलेच्या नावाने वर्षभर करायची गरज नाही. प्लास्टिकची चकमक आणि थर्मोकोलही बाहेरच्या कामातून वगळावे. गळलेली पाने मातीत मिसळतात, चमकी मिसळत नाही.

पालकांनी कोणती काळजी घ्यावी?

हस्तकलेत हमखास वापरली जाणारी एक वस्तू म्हणजे लाल-काळी गुंज. ती दिसायला सुंदर, पण चावली गेली तर जीवघेणी ठरू शकते. माळेसाठी भोक पाडलेली गुंज अधिक धोक्याची, कारण तिचे टणक कवच भेदलेले असते. कण्हेर आणि धोत्र्याचे सर्व भाग विषारी आहेत. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर इजा होते. बिब्ब्याचा रस त्वचेला लागला की फोड येतात. खाजकुइलीच्या शेंगांनी अंगाची आग होते. या झाडांची ओळख मुलांना आधी करून द्यावी. पालापाचोळ्यात हात घालण्याआधी तो काठीने हलवून पाहावा आणि काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत. बाकी कपडे मळणे, गुडघे खरचटणे ही या कामाची नेहमीची किंमत आहे.

तयार झालेल्या वस्तूचे पुढे काय?

बऱ्याचदा काही नाही, आणि त्यात बिघडतही नाही. ब्रिटिश शिल्पकार अँडी गोल्डस्वर्दी पाने, काटक्या, बर्फ, दगड यांतून जागेवरच रचना करतात. त्यांतल्या कित्येक वारा-पाण्याने काही तासांत मोडतात, मागे उरतो तो फोटो. मुलांचेही असेच असते. रोजच्या फोटोसाठी किंवा स्पर्धेच्या बक्षिसासाठी पालक स्वतःच बुरूज लिंपू लागले की वस्तू देखणी होते, पण पाहण्याचे आणि चुकण्याचे काम मुलाच्या हातून जाते.

अडचण जागेचीही आहे. अनेक सोसायट्यांत फरशा आणि वाहनतळांनी माती झाकली गेली आहे. किल्ल्यासाठी चार पाट्या माती विकत आणावी लागते आणि ‘घाण होते’ म्हणून कोपरा नाकारला जातो. तिथे उपाय साधे आहेत. वाहनतळाच्या कडेला ताडपत्रीवर किंवा गच्चीत लाकडी खोक्यात मातीची एक कायमची जागा ठेवता येते. दिवाळीनंतर किल्ला मोडला की तीच माती कुंड्यांत भरता येते. पावसाळा सरला की पोरे ती पुन्हा उकरतात आणि गेल्या वर्षी घसरलेला बुरूज या वर्षी कसा टिकवायचा, यावर त्यांचे भांडण सुरू होते.